पुस्तिकेचं पहिलं पान बदल

चि. ताईस,
प्रभूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

आपल्या मंडळीच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, इतिहासाच्या पुस्तिकेसाठी तू मोबाईलवर पाठवलेला मजकूर आधी तुझ्या मम्मीने मोठ्याने वाचून दाखवला, मग मी चष्मा लावून पुन्हा वाचला. मेहनत दिसते. 1813 साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, 1831 साली नगरला मिशन उभं राहिलं, सगळं बरोबर. पण मंडळीच्या पुस्तिकेची पहिली दोन पानं त्यातच संपली, आणि आपलं गाव आलं तिसऱ्या पानावर, तेही एका ओळीत! शिवाय आपण नगरकडून आलेलोच नाही. आपली वाट जालन्याची.

हा सगळा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. जालन्याला इंग्रजांची छावणी होती, त्यामुळे तिथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चला पाय ठेवायला जागा मिळाली. पण ते काम उभं केलं आपल्याच माणसाने, रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी. ब्राह्मण घरातला हा तरुण, 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला होता. ते प्रकरण कोर्टात गेलं, पोरगं घरी आलं, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्या म्हणून 'दर्पण'वाले बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. सनातनी त्यांच्यावरच उलटले. दर सहा जानेवारीला पत्रकार दिनाची भाषणं होतात, त्यात हे कुणी काढत नाही. तू घाल. वाचणारा तिथे थांबेल.

नारायणरावांनी पुढे जालन्याजवळ बेथेल वसवलं. सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून त्यासाठी जमीन मिळाली. गावोगावची गावकुसाबाहेरची माणसं तिथे आली, कुणी श्रद्धेने, कुणी पोटासाठी, बरेचसे दोन्हींसाठी. आपले खापरपणजोबा तिथे विहिरीच्या कामावर गेले आणि येताना प्रभूचं नाव घेऊन आले, एवढंच घरात सांगतात. यापेक्षा जास्त रंगवू नकोस.

नंतरची पन्नास-साठ वर्षं थोडक्यात आटप. पगारी उपदेशक यायचे, शाळा चालायची, पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वर्षातून कधीतरी छकड्यातून. पण त्यातली बायबल बाई, घरोघरी बायांना बायबल शिकवणारी, सोडू नकोस. तुझ्या पणजीला अक्षर येत नव्हतं, तरी येशूचं डोंगरावरचं प्रवचन तिला तोंडपाठ होतं, ते त्या बाईमुळे. दळता दळता ओळ म्हणायची, जातं थांबलं की पणजीने ती परत म्हणायची. पुढे घरात पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं बायबल आलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बाईंनी एकटीने केलेलं ते काम, छापून पूर्ण झालं 1924 ला, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. पणजी ते नुसतं मांडीवर घेऊन बसायची.

आता एक अवघड गोष्ट. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्याची अनुसूचित जातीची सवलत गेली. शिखांना ती 1956 ला मिळाली, बौद्धांना 1990 ला, आपल्याला अजून नाही. म्हणून काही घरांनी शाळेच्या दाखल्यावर वेगळं लिहिलं. रविवारी ती माणसं मागे भिंतीला टेकून बसायची, पण यायची. त्यांना ढोंगी म्हणणारे उपदेशक मी ऐकलेत. बोलायला काय जातं, लेकरांची फी त्यांना भरायची नव्हती. 1956 ला बाबासाहेबांमागे आपली अर्धी भावकी धम्मात गेली. तुझ्या चुलत आजोबांच्या घरी बुद्धाची मूर्ती, आपल्या भिंतीला वचनांचं कॅलेंडर, आणि लग्नाची पंगत एक. हेही लिही. नावं मात्र कुणाचीच नकोत.

गोरे साहेब मायदेशी गेले, उपदेशकाचा पगार थांबला, शाळेचं छप्पर उडालं ते कुणी घातलं नाही. उरली डझनभर घरं. पुरुष म्हणायचे, आता पाळक नाही तर उपासना कशी? तुझ्या आजीने, माझ्या आईने, पाळकाची वाट बघितली नाही. गुरुवारी दिवेलागणीला आपल्या ओसरीवर बाया जमवल्या. टाळ होते, पखवाज बौद्धवाड्यातून मागून आणायचा, आणि नारायण वामन टिळकांची भजनं. आपल्या मंडळीची सुरुवात मी तिथून धरतो. पहिल्या पानावर ती ओसरी पाहिजे.

मग बहात्तरचा दुष्काळ. पाझर तलावाचं काम निघालं, सगळं गाव खडी फोडायला आणि माती वाहायला. रेशनला तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, लेकरांना सुकडी. दिवसभर टोपली वाहून संध्याकाळी तलावाच्या काठावरच भजन व्हायचं. सायकलवरून एक सुवार्तिक, म्हणजे गावोगाव फिरणारे प्रचारक, यायचे, कॅरियरला गॅसबत्ती बांधलेली. मराठा घरातली दोन-तीन माणसंही ऐकायला टेकायची. अजून गावात कुणी म्हणतं, हे मिलोसाठी बाटले. अरे, मिलो तर अख्ख्या गावाने खाल्ली, मग अख्खं गाव का नाही बाटलं?

तो तलाव पुढे भरला, आणि त्यानेच मंडळी फोडली. मिशनच्या रीतीने तान्ह्या लेकरांवर पाणी शिंपडायचे. हे नवे सुवार्तिक म्हणाले, समजून उमजून विश्वास ठेवा आणि पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्या. नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 ला वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तिच्यात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही आले आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. वर जे जमलं ते आपल्या डझनभर घरांत जमेना. थंडीच्या दिवसांत सकाळी तुझी आजी नऊवारीचा काष्टा घालून तलावात उतरली. बाहेर आली तेव्हा दात वाजत होते, मी घोंगडी घेऊन उभा. जुन्या मंडळीतले एक वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, काठावर आले होते. म्हणाले, "बाई, तुमचा बाप्तिस्मा झालेला हाय, परत कशाला?" आजी म्हणाली, "तवा मी दोन महिन्याचं लेकरू व्हते. मला इचारलं व्हतं का कुणी?"

त्यानंतर कैक वर्षं दोन उपासना, दोन नाताळ, आणि एकाच घरातले दोन भाऊ दोन्हीकडे. मी आजीच्या बाजूचा, हे तुला माहीतच आहे. तरी सांगतो, दुसऱ्या बाजूची माणसं खोटी नव्हती. त्यांना वाटायचं, आपल्या बापजाद्यांचा बाप्तिस्मा हे लोक फुकट ठरवतात. त्यांचं दुखणं खरं होतं. पुस्तिकेत 'काही मतभेद झाले' असं गुळमुळीत लिहून मोकळी होऊ नकोस. कशावरून झाले ते लिही. दफनभूमीच्या जागेवर अतिक्रमण झालं तेव्हा तहसीलला दोन्हीकडचे एकाच जीपमधून गेले, बोलणं तिथून सुरू झालं. पुढचं तुला माहीत आहे.

तारखा मागतेस. तारखा नाहीत, हिशोबाची वही आहे. आजीने सांगायचं, मी लिहायचं, त्यामुळे पहिल्या पानांवर माझं शाळकरी अक्षर आहे. उदाहरणार्थ एक पान: अर्पण दोन रुपये पस्तीस पैसे. ज्वारी दोन पायल्या. घासलेट एक बाटली. मनुका पावशेर, प्रभुभोजनासाठी. (द्राक्षारस कुठला, मनुका रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून पिळायच्या. भाकरी ज्वारीचीच.) कापणीच्या सणाचा लिलाव: भोपळा एक, कोंबडी एक, अंडी सहा. कोंबडी जिने दिली तिनेच बोली लावून परत घेतली, वर पैसेही भरले. हे पान फोटो काढून जसंच्या तसं छाप. पत्र्याच्या शेडचा आणि आताच्या स्लॅबचा खर्च पुढच्या वह्यांत आहे, तो एका परिच्छेदात बसव. देणगीदारांची यादी छापायची नाही, असं वडीलमंडळाने ठरवलंय. मला पटलं.

वही पोस्टाने पाठवणार नाही, तूच ये. आल्यावर आधी तुझ्या मोठ्या आत्याकडे जाऊ. ओसरीवरच्या बायांपैकी ती एकटी उरली आहे आणि तिचं ऐकू येणं कमी झालंय. प्रश्न मोठ्याने आणि एकेकच विचार. तिची हकीकत माझ्याशी जुळली नाही तर तिची घे. आणि छापायच्या आधी जुन्या मंडळीतल्या कुणाला तरी वाचायला दे, नाहीतर परत दोन नाताळ करावे लागतील.

तुझे,
आबा