स्वर्गाची ओढ आहे म्हणून निसर्गाकडे पाठ?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं, त्यात म्हटलंय की ख्रिस्ती लोकांचं सगळं लक्ष मेल्यानंतरच्या स्वर्गाकडे, इथल्या निसर्गाचं त्यांना काय पडलंय. मी वसईचा, घरामागे मोगऱ्याची वाडी, त्यामुळे जरा झोंबलंच.

अहो, बायबलमध्ये उलटंच आहे. १९ वं स्तोत्र सुरूच होतं आकाश देवाचा महिमा सांगतं म्हणून. चौथ्या-पाचव्या शतकातले ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन तर लिहितात की मी पृथ्वीला विचारलं, समुद्राला विचारलं, सगळे म्हणाले आम्ही तुझा देव नाही, आम्हाला त्यानेच केलं. म्हणजे आमच्या वसईच्या भुईगाव किनाऱ्यावर सुरूच्या बनातून बाहेर आलं आणि समोर सूर्य बुडत असला की छातीत जे काही होतं ना, ते खरंच असतं, फक्त ते तिथे संपत नाही, याहून मोठं काहीतरी पुढे आहे त्याची ही चुणूक, असं आम्ही मानतो. म्हणून सूर्याची पूजा नाही आणि त्याला तुच्छ मानणंही नाही.

एक गोष्ट मात्र मलाही खटकायची. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या २१ व्या अध्यायात नवं आकाश, नवी पृथ्वी येते आणि लगेच लिहिलंय, समुद्र राहिला नाही. आता हे पाचूबंदरच्या कोळणीला सांगून बघा! पण त्याच पुस्तकात १३ व्या अध्यायात दुष्ट शक्तीचं श्वापद वर येतं ते समुद्रातूनच, त्या काळच्या लोकांना समुद्र म्हणजे भीती, बुडणं, ताटातूट, आणि लिहिणारा योहान स्वतः पात्म बेटावर, चारी बाजूंनी पाणी. तर जाते ती भीती, असं बरेच अभ्यासक सांगतात. तुफानात ज्यांच्या घरचं माणूस बोटीसकट गेलंय त्यांना हे समजवावं लागणार नाही. शिवाय २२ व्या अध्यायात नदी आहे, दर महिन्याला फळ देणारं झाड आहे, म्हणजे इथलं सुंदर ते पुसून टाकायचा बेत दिसत नाही.

आणि निसर्गाचं काय पडलंय म्हणाल तर रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच, जन्म १८६१ चा, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, आजही त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात, फुलं काही सुटली नाहीत त्यांची. आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो घ्या, अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं आणि तोच माणूस हरित वसईसाठी रस्त्यावर उतरला, विहिरी आणि वाड्या वाचाव्यात म्हणून. स्वर्गाची ओढ होती म्हणून उतरले, असलं काही त्या पत्रलेखकांच्या हिशोबात बसत नसावं बहुतेक.

त्यांनी एकदा भुईगावला जरूर यावं, फक्त रविवारी संध्याकाळी नको, बाहेरच्या गाड्या आणि रिकाम्या बाटल्याच दिसतील, मधल्या वारी या.

एक वाचक, वसई