सातची वेळ

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एका सभेला जाऊन आलात आणि "आपलं तिथे काम नाही" म्हणालात. एका सभेवरून फार तर एवढं कळतं की ती सभा तुमची नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा प्रत्येक गट आपला कारभार आपणच बघतो. कुठे सात-आठ जण गोल करून बोलतात, कुठे एकजण अर्धा तास आपली कहाणी सांगतो आणि बाकीचे ऐकतात. तीन वेगळ्या गटांत मिळून सहा सभा होईपर्यंत निकाल देऊ नका.

निवडताना आधी घड्याळ बघा. तुमची तल्लफ संध्याकाळी सातची. म्हणून ती वेळ झाकणारी सभा हवी. सभा एक-दीड तास चालते; जाणं-येणं धरलं की नऊ वाजतात आणि थेट ताटावर बसता येतं. रविवार सकाळची सभा कितीही छान असली तरी ती जोडीला, मुख्य म्हणून नको. आणि निघण्यापूर्वी पोहे, उपमा काहीतरी खाऊन जा; रिकाम्या पोटी भूक कोणती आणि तल्लफ कोणती ते ओळखू येत नाही.

मग अंतर. ओळखीचं कोणी दिसेल म्हणून कोथरूड सोडून थेट कॅम्पात जायचं तुमच्या मनात आहे. पण जो ओळखीचा तिथे भेटेल तोही त्याच कामासाठी आलेला असेल ना! लांबची सभा पहिल्या पावसात सुटते, गणपतीत पेठांमधले रस्ते बंद झाले की पुन्हा सुटते. चालत किंवा दहा मिनिटांच्या रिक्षाने गाठता येईल असा एक गट घरचा धरा, लांबचा एक राखीव ठेवा. जुने मेंबर पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद सभा करायला सांगतात. एवढं जमणार नसेल तर आठवड्याला तीन तरी.

सभांच्या यादीतल्या वेळा जुन्या असतात, जागा बदलतात. त्याच दिवशी दुपारी फोन करून विचारा: आज सभा आहे का, मराठीत की इंग्रजीत, खुली की बंद, जिने किती (तुमचे गुडघे!), आणि नव्या माणसाला दारापाशी कोणी भेटेल का. बंद सभा फक्त पिणं थांबवू इच्छिणाऱ्यांसाठी असते. खुल्या सभेला आईही येऊ शकते. भाषेबाबत माझं मत ठाम आहे. इंग्रजी तुम्हाला उत्तम येतं, म्हणूनच मराठी सभा घ्या. इंग्रजीत तुम्ही लगेच ऑफिसातले साहेब होता.

तिथे कोणी तज्ज्ञ नव्हता ही तुमची तक्रार खरी आहे, पण तो नसतोच. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे उभं राहिलं. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलात तरी चालतं. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नाही, नुसतं नाव सांगा. पंधरा मिनिटं आधी पोचा आणि संपल्यावर लगेच चपला घालू नका. चहाच्या वेळी दोन-तीन जणांचे नंबर घ्या. सात वाजता घरात एकटे असाल तेव्हा तेच उपयोगी पडतात. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना मेंबर, पहिल्याच आठवड्यात ठरवायची घाई नको. पुरुषच असावा, आणि निदान वर्षभर न प्यायलेला.

सभेला फी नसते. थैली फिरते, त्यात दहा रुपये टाका किंवा टाकू नका. कोणी उसने मागितले किंवा डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर तो गट सोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर सहा ते चोवीस तासांत हातपाय थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. यात जीव जाऊ शकतो. तेव्हा आधी डॉक्टर, मग सभा. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय, आणि वनाझहून मेट्रो येरवड्यापर्यंत जाते. माहितीसाठी 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे.

आई, दारू सोडवणाऱ्या पुड्यांच्या जाहिराती तू कापून ठेवतेस. बाबांना न सांगता भाजीत काही मिसळू नकोस. आत काय आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि वर दारू गेली तर जिवावर बेतू शकतं. तुझ्यासाठी वेगळी सभा असते, अल-अनॉन, घरच्यांची, 1951 पासूनची. तिथे बाबांना कसं थांबवायचं ते शिकवत नाहीत, तुझी झोप आणि तुझा रक्तदाब यांचं बोलतात. बाबांच्या सभेबाहेर रिक्षात बसून राहू नकोस, आणि आल्यावर "काय बोललात?" विचारू नकोस. "जेवायला वाढू?" एवढंच विचार.

बाबा, येत्या मंगळवारी दुपारी चारला फोन लावा. जिने विचारायला विसरू नका.

तुमची,
मनू