रिपोर्ट लिहायच्या आधी पाखाडी उतरा : महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

मी राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या एका वाडीत २१ वर्षं अंगणवाडी सेविका आहे, म्हणजे तुमच्याच खात्यातली, त्यामुळे हे पत्र लिहू की नको यातच दोन महिने गेले. पण परवा परत एक साहेब गाडी घेऊन आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, बाई, खालच्या वाडीतल्या एका घरची माहिती द्या, कोर्टाला रिपोर्ट पाठवायचाय. मी म्हटलं चला ना, पंधरा मिनिटांवर घर आहे, दाखवते. त्यांनी पाखाडीकडे, म्हणजे खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटेकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, राहू दे, तुम्ही सांगाल ते लिहितो. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही, कारण हेच एकदा आमच्या घरात होऊन गेलंय.

माझ्या बहिणीची मुलगी, तिचा नवरा बोटीवर खलाशी. दोघांचं फाटलं, का फाटलं ते इथे लिहीत नाही. ती मुलाला घेऊन माहेरी आली, मुलगा तेव्हा सात वर्षांचा. नवऱ्याने मुलाच्या ताब्यासाठी जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज केला, १८९० चा तो पालक आणि पाल्य कायदा आहे ना, त्याखाली. कोर्टाने दोन्ही घरांचा रिपोर्ट मागवला. कायद्यात मुलाचं हित सगळ्यात आधी, मग ते हित कुठल्या घरात आहे हे कोणीतरी बघून सांगायला नको का, त्यासाठीच तो रिपोर्ट असतो.

साहेब येणार हे कळल्यावर पोराने काय केलं सांगते. आमच्या घरांना चिऱ्याच्या भिंतीत कोनाडे असतात. त्यातला एक त्याने रिकामा केला, तेलाची बाटली आणि जुनी कुलपं बाहेर काढली, खाली पेपर पसरला, त्यावर पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, पुढे कंपासपेटी ठेवली आणि वर खडूने स्वतःचं नाव लिहिलं. शाळेतून आला की पहिलं विचारायचा, आजी, साहेब आले काय गो? मी त्याच्या आईची मावशी, म्हणजे आजीच.

साहेब आले ते माझ्या अंगणवाडीत आले. वीस मिनिटं बसले, चहा घेतला, मला चार प्रश्न विचारले, ग्रामपंचायतीत जाऊन अजून दोघातिघांना विचारलं, एका कागदावर माझी सही घेतली आणि गेले. ती सही मी वाचून केली नाही. गाडीतला ड्रायव्हर हॉर्न मारत होता, पोरांच्या खिचडीची वेळ झाली होती, आणि साहेबांनी कागद पुढे केला की सही करायची ही आमची सवयच. ही चूक माझी, ती मी लपवत नाही.

रिपोर्टची कॉपी वकिलांकडून हातात आली तेव्हा त्यात लिहिलेलं, "घर कच्चे. अभ्यासासाठी जागा नाही. आई पहाटे घराबाहेर असते, मुलगा शेजाऱ्यांकडे असतो." घर चिरेबंदी आहे, वर कौलं आहेत, माझ्या आजोबांच्या आधीपासून उभं आहे. आई पहाटे पाचला बंदरावर मासळी घ्यायला जाते आणि विकून दहाच्या आत घरी येते, तेच तिचं पोट आहे. आणि शेजारी म्हणजे त्याच घराच्या दुसऱ्या पडवीत राहणारी माझी चुलतबहीण, जिच्या हातची पेज खाऊन ते पोर शाळेत जातं. घराला दोन दारं आहेत म्हणून ती शेजारीण झाली. हे बाहेरून कळायचं नाही, त्यासाठी आत यावं लागतं.

बरं, फक्त आमच्याबद्दलच वाईट लिहिलं असंही नाही. बापाबद्दल लिहिलेलं, "मद्यपान करतात असे समजते." कोणाला समजते? कोणाकडून समजते? तो दारूला हात लावत नाही, हे मी मुलीकडची असून सांगते. त्याच्याही घरी कोणी गेलं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कोणीतरी बोललं ते कोर्टाच्या फाइलमध्ये जाऊन बसलं. तो बिचारा तारखेला आला तो मान खाली घालून, आणि त्यानंतर तो पण पेटला, आधी जे बोलून मिटलं असतं ते नऊ महिने लांबलं.

त्या नऊ महिन्यांत बाप-लेकाची भेट कुठे व्हायची? कोर्टाच्या व्हरांड्यात. मोठ्या शहरांत कौटुंबिक न्यायालयात मुलांसाठी वेगळी खोली असते, खेळणी असतात असं ऐकते. इथे एका बाजूला खुनाच्या केसचा आरोपी बेडी घालून बसलेला, दुसऱ्या बाजूला जमिनीवाले भांडतायत आणि मध्ये बाकड्यावर बाप पोराला बिस्किटाचा पुडा देतोय. पोरगा पुडा घ्यायचा आणि न फोडता परत घरी आणायचा.

आता कायद्याचं बोलते, कारण मी नुसती रडगाणं गायला बसलेली नाही. आमच्या बाजूने उभ्या राहिल्या त्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाई, बाईला आणि मुलाला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो हे पण लोकांना माहीत नसतं. त्यांनी मला बसवून समजावलं. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. त्यात १० लाखाच्या वर लोकसंख्या असलेल्या शहराला कौटुंबिक न्यायालय द्यायलाच पाहिजे, बाकी ठिकाणी सरकारला वाटलं तर. आमच्या अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६ लाख १५ हजार, सिंधुदुर्गाची साडेआठ लाख, त्यात १० लाखाचं शहर आणायचं कुठून? म्हणजे आम्ही कायम "वाटलं तर" मध्ये. आमची केस चालली तिथे कौटुंबिक न्यायालय नव्हतं, त्यामुळे विवाह समुपदेशक पण नव्हते, नेहमीच्या कोर्टात नेहमीच्या गर्दीत केस.

समुपदेशक नसल्याने काय बिघडतं ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकाची दोन कामं असतात. एक, दोघांना बसवून बोलायला लावणं, आणि तिथे जे बोललं जातं ते गुप्त राहतं, ते पुरावा म्हणून वापरायचं नाही. त्यामुळे माणूस मोकळा होतो, चुकलं म्हणायला घाबरत नाही. दुसरं, कोर्टाने सांगितलं तर घरचं वातावरण आणि मुलाचं आईबापाशी नातं कसं आहे ते बघून रिपोर्ट देणं. दोन्ही कामं शिकलेल्या माणसाची आहेत. आमच्याकडे पहिलं काम कोणीच करत नाही आणि दुसरं काम ज्याच्याकडे गाडी असेल तो, जमेल तसं करतो.

वकीलबाईंनी अजून एक गोष्ट सांगितली ती ऐकून मी चाट पडले. साध्या दिवाणी कोर्टाला पण कुटुंबाच्या दाव्यात समाजकल्याणाचं काम जाणणाऱ्या माणसाची मदत घेता येते, तशी तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीपासून आहे, ऑर्डर ३२-अ. म्हणजे माझं लग्न व्हायच्या आधीपासून कायदा वाट बघतोय. कोर्टाने मदत मागायची ठरवली तर मागायची कोणाकडे, तालुक्यात असा माणूस तर पाहिजे.

तुम्ही म्हणाल कोर्ट माझ्याकडे नाही, तो विधी व न्याय खात्याचा आणि हायकोर्टाचा विषय. अर्धं खरं आहे. पण कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक किती असावेत ते हायकोर्टाशी बोलून ठरवायचं राज्य सरकारनेच आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात जिल्ह्यात संरक्षण अधिकारी लागतील तेवढे नेमायचे, ते पण राज्य सरकारनेच. आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष तर थेट तुमच्याच खात्याचा. रिपोर्ट लिहिणारे बरेचसे हात तुमचेच आहेत.

चांगलं काम होतच नाही असं मी म्हणणार नाही, मी स्वतः बघितलंय. काही वर्षांपूर्वी वरच्या वाडीत एका सुनेची केस होती. नवरा मुंबईला, पैसे पाठवायचा ते सासऱ्याच्या नावावर. मारहाण काही नाही, त्यामुळे गावात सगळे म्हणायचे हिला काय कमी आहे. त्या केसचा, त्याच २००५ च्या कायद्याखालचा घरगुती घटना अहवाल करायला ज्या मॅडम आल्या त्या एसटीने आल्या, वस्तीच्या गाडीने आल्या आणि माझ्याकडेच राहिल्या. संध्याकाळी दिवेलागणीला त्या घरी गेल्या, सकाळी परत गेल्या. चुलीपाशी बसून सुनेशी बोलल्या, सासूशी वेगळं बोलल्या. काहीच लिहिलं नाही आधी, फक्त बघितलं. तांदळाच्या पेटीला कुलूप होतं आणि किल्ली सासूच्या कमरेला. सून दर वेळी किल्ली मागून तांदूळ काढायची, माप सासू बघायची. एसटीच्या तिकिटाला, पोराच्या वहीला, अगदी स्वतःच्या पॅडला पण तिला सासऱ्यापुढे हात पसरावा लागायचा. फॉर्ममध्ये आर्थिक हिंसा असा एक भाग असतो, मी भरलेले बघितलेत त्यात तिथे नुसती रेघ मारलेली असते. मॅडमनी तिथे ती कुलूप लावलेली पेटी लिहिली. मग घरातल्या सगळ्यांसमोर सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, यात खोटं काय आहे सांगा. सासू पण गप्प बसली. मला वाटतं त्या केसमध्ये ते वाचून दाखवणंच कामाला आलं.

पोटगीचं पण तेच. सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सांगितलं की दोघांनी आपल्या उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं. चांगलंच आहे, पण कोकणातलं उत्पन्न कागदावर येतं कुठे? खलाशाला पगारपत्रक नसतं, सुरुवातीला उचल आणि मग मासळी लागेल तसा वाटा. १ जूनला मासेमारी बंद झाली की दोन महिने हातात काही नाही. आंबेवाला मोहोर बघून कलमं कराराने देतो, पैसे रोखीत. सातबारा बघावा तर त्यावर अठरा नावं, त्यातली सहा माणसं वारलेली. नवरा शपथेवर सांगतो माझ्या नावावर काही नाही, आणि ते खोटं पण नसतं! पण त्याच्या खळ्यात उभं राहिलं की पाच मिनिटांत कळतं घर कशावर चाललंय. आणि उलट पण होतं, आरसीसीचं दुमजली घर दिसतं, पण ते चुलत्याने बांधलेलं असतं आणि हा मागच्या पडवीत राहत असतो.

आमची केस मिटली ती रिपोर्टने नाही. वकीलबाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि एवढंच विचारलं, तू घरी कधी असतोस? तो म्हणाला पावसात, बंदी असते तेव्हा, आणि गणपतीला. मग तसंच ठरलं. मुलगा आईकडे, पण जून-जुलैत बाप रोज शाळेतून आणायला येणार आणि गणपतीत पोरगा त्याच्याकडे. एवढं साधं होतं. मासेमारी बंदी दर वर्षी येते, बंदरावरच्या शेंबड्या पोराला पण तिची तारीख पाठ असते, पण त्या चार पानी रिपोर्टात बाप घरी कधी असतो हा प्रश्नच नव्हता. आणि मुलाला तर कोणी काहीच विचारलं नव्हतं. समजण्याएवढा मोठा असेल तर त्याची इच्छा कोर्टाला लक्षात घेता येते, कायद्यात आहे ते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यात आले, आता अपिलाला मुंबई गाठायला नको, घाट चढला की झालं. आम्हाला खरंच आनंद झाला. पण हायकोर्ट घाटाच्या वरपर्यंत आलं आणि रिपोर्ट लिहिणारा माणूस अजून पाखाडीच्या वरच्या टोकालाच उभा आहे. आणि खालच्या कोर्टात तोच कागद लागला असेल तर वरचं कोर्ट पण तोच वाचणार ना.

माझं मागणं मोठं नाही. कौटुंबिक न्यायालय द्या, ते झालं तर उत्तमच, पण ते होईपर्यंत आठवड्यातून एक दिवस तरी शिकलेला समुपदेशक तालुक्याच्या कोर्टात बसेल एवढं विधी व न्याय खात्याशी बोलून करा. रिपोर्टचं काम करणाऱ्यांना त्याच कामासाठी गाडी द्या, एका फेरीत पाच कामं उरकायला लावू नका, ती माणसं पण वाईट नसतात, दमलेली असतात हे मला दिसतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत द्यायचा असं बाल न्याय कायदा सांगतो, तो नियम पाळायचा तर आधी माणसं तेवढी पाहिजेत. आणि आम्हा सेविकांना माहिती जरूर विचारा, आम्हाला घरं माहीत असतात, पण आमचं सांगणं म्हणजे गृहभेट नाही. न वाचलेल्या कागदावर आमच्या सह्या घेऊ नका असं एक पत्रक काढलंत तरी पुष्कळ होईल.

आणि फॉर्ममध्ये चार ओळी वाढवा. घरी किती वाजता गेलात. आतल्या कुठल्या खोल्या बघितल्या. मुलाशी एकट्याशी बोललात का. "असे समजते" लिहिलं असेल तर कोणाकडून समजलं. परवाच्या त्या घरात पण एक मूल आहे, पाच वर्षांची मुलगी, माझ्याच अंगणवाडीतली. तिचा रिपोर्ट अजून गेलेला नाही, साहेब सोमवारी परत येतो म्हणालेत. मी त्यांना हाताला धरून खाली नेणार आहे.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी