लिलावातल्या सोन्याच्या नाण्यांचं वजन आणि कमिशन छापा

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. आपल्या बडोद्यात जुन्या घरातल्या सामानाचे लिलाव होतात, तांब्यापितळेची भांडी, झुंबरं, शिसवी पलंग वगैरे, आणि त्यातच दोन-चार लॉट सोन्याच्या नाण्यांचे असतात. ते लॉट आले की हॉल एकदम तापतो आणि माणसं काय वाट्टेल ते आकडे बोलायला लागतात. मागे एका लिलावात एक गिनी (इंग्रजांचं सोन्याचं नाणं, सॉव्हरिन) होती, साधी पंचम जॉर्जची, वर कडीला डाग (झाळ) दिल्याची खूण स्पष्ट दिसत होती, तरी ती सराफाकडे मिळाली असती त्याच्यापेक्षा कितीतरी जास्तीत गेली. घेणाऱ्या काकू खूष होत्या, नातीच्या लग्नासाठी घेतली म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, कारण कॅटलॉगमध्ये त्या गिनीचं वजनच दिलेलं नव्हतं, नुसतं "जुनं सोन्याचं नाणं" एवढंच.

वजनाशिवाय सोन्याचा आकडा निघणार कसा? गिनीचं बरं आहे, ती ठरलेली असते, ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरेट, म्हणजे आत शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. अर्धी गिनी बरोबर याच्या निम्मी. कंपनी सरकारची १८४१ ची व्हिक्टोरियाची मोहोर एक तोळ्याची, ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं साधारण १०.६९ ग्रॅम. लिलावाच्या दिवशीचा २४ कॅरेटचा भाव बघायचा आणि गुणायचं. हिशोबाला सोपं म्हणून समजा ग्रॅमला १०,००० भाव आहे, तर गिनीतलं सोनं झालं ७३,२०० चं.

आता खरी गडबड इथे होते. लोक म्हणतात ७३,२०० पर्यंत बोलू, सोन्याच्या भावात पडेल. पण बोलीवर कमिशन असतं! समजा १५ टक्के, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सगळं मिळून १७.७ टक्के, आणि ती ७३,२०० ची गिनी घरी येईपर्यंत ८६,००० च्या वर जाते. म्हणून उलटं जायचं. हातातून एकूण किती जाऊ द्यायचे ते आधी ठरवा, साध्या सालाच्या गिनीला मी सोन्याच्या किमतीवर चार-पाच टक्क्यांच्या वर एक पैसा देणार नाही, म्हणजे ७७,००० धरा, आणि त्याला १.१७७ ने भागा, ६५,४०० येतात. तिथे थांबायचं. नाण्यावर वेगळा टॅक्स लावणार का तेही आधीच विचारून घ्या, तो असेल तर आकडा अजून खाली येतो. हा आकडा घरून कागदावर लिहून न्या, हॉलमध्ये शेजारचा हात वर करतोय म्हणून तो वाढवू नका.

कडी लावलेली, घासून चकचकीत केलेली, भोक बुजवलेली गिनी असेल तर सोन्याच्या वर काहीच देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. संग्राहक अशा नाण्याला हात लावत नाहीत, मग ती विकायची वेळ आली की सराफच राहतो आणि तो घट कापणारच.

जास्त पैसे द्यायला कारण पण असू शकतं, ते मी नाकारत नाही. १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत गिन्या पाडल्या होत्या, घोडेस्वार असलेल्या बाजूवर सालाच्या वरच्या रेषेत बारीक इंग्रजी आय अक्षर असतं, भिंगाने बघावं लागतं. त्याच साली पंधरा रुपयांचं सोन्याचं नाणं निघालं, वजन तेच, सोनं तेवढंच, पण संग्राहक त्याला जास्त देतात. आणि आपल्या सयाजीराव महाराजांच्या मोहरा! त्यांचा मोह कोणाला होणार नाही, मलाही होतो. पण तिथेच जास्त सांभाळायचं. त्यांच्यावरचं साल विक्रम संवताचं असतं, इसवी सन काढायला ५७ वजा करून बघा. माझ्या मते एखाद्या जाणकाराने हातात घेऊन बघितल्याशिवाय तिला सोन्याच्या वर बोली लावूच नये.

पुतळ्यांचंही, म्हणजे माळेत ओवतात त्या सोन्याच्या नाण्यांचंही तेच. मूळच्या व्हेनिसच्या पुतळ्या साडेतीन ग्रॅमच्या आणि जवळजवळ शुद्ध सोन्याच्या असायच्या, पण घरोघरच्या माळांत सोनारांनी पाडलेल्या पातळ पुतळ्याही खूप आहेत, त्यांचा टंच (सोन्याची शुद्धता) काढल्याशिवाय काही कळत नाही.

बघायच्या दिवशी खिशात बारीक काटा आणि रुंदी-जाडी मोजायचं व्हर्नियर न्या. गिनी २२ मिलीमीटर रुंद, दीड मिलीमीटर जाड. सोनं इतकं जड आहे की तांब्यापितळेसारख्या हलक्या धातूची खोटी गिनी रुंदीला बरोबर केली तर एकतर हलकी भरते नाहीतर जाड होते. आयोजक काटा लावू देत नसतील तर सरळ उठून यावं.

अजून एक, इथल्या बऱ्याच जणांची मुलं अमेरिका-कॅनडात आहेत म्हणून सांगतो. १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, असंच बॅगेत टाकून परदेशात नेता येत नाही. १९१८ ची गिनी आता त्यातच मोडते. हे लिलावात कोणी सांगत नाही आणि लोक खास नातवंडांना पाठवायला म्हणून घेतात.

आयोजकांना आपल्या पेपरमधून माझी विनंती आहे की प्रत्येक नाण्यापुढे दोन दशांशापर्यंत वजन, टंच काढला असेल तर तो, डाग किंवा कडी असेल तर तसं, आणि कमिशन टॅक्ससकट किती टक्के ते पहिल्याच पानावर छापा. ज्या घरातून नाणी येतात त्यांचाही यात फायदा आहे, वजन माहीत नसलं की समजदार माणूस बोलीच लावत नाही.

आपला,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदे