खडखड कुठून येते?

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "महिनाभर एकच आवाज शोधतेयस?" मी हसून वेळ मारून नेली. उत्तर राहूनच गेलं.

आमची नवी गाडी बाजारात यायला अजून अवकाश आहे. ती न्यूट्रलमध्ये उभी असली की गिअरबॉक्समधून खडखड यायची, क्लच दाबला की बंद. म्हणजे पेडल दाबलं की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग दोषी नाही. ते बिघडलं तर उलट पेडल दाबल्यावर ओरडतं. गंमत अशी की सकाळी थंड गाडी अगदी गप्प, आणि तासभर फिरवून आणली की सुरू. सगळ्यांनी गिअरबॉक्सवर ठपका ठेवला. तो उघडला, दाते तपासले, पुन्हा जोडला. खडखड तशीच!

आई, किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला तर वाजत नाही, सैल धरून हलवला की वाजतो. न्यूट्रलमध्ये गिअर असेच सैल असतात, त्यांच्यावर भार नसतो. दात्यांमध्ये थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर ते अडकतील. जुडगा हलवणारं इंजिन. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोन धक्के देतं; ८०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांना, सेकंदाला जवळपास २७. थंड ऑइल दाट असतं, ते गिअरना धरून ठेवतं. तापून पातळ झालं की मूठ सुटली.

बाबा, तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून ऐकायचात ना? तिथे आम्ही सेन्सर लावतो. एक फ्लायव्हीलपाशी, म्हणजे इंजिनच्या टोकाच्या जड चाकापाशी, आणि एक गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टपाशी, म्हणजे इंजिनाची फिरकी आत नेणाऱ्या दांड्यापाशी. दोन्ही आलेख शेजारी ठेवले तेव्हा दिसलं, शाफ्टचा वेग फ्लायव्हीलपेक्षा जास्त हिंदकळतोय. मध्ये क्लच प्लेट असते, तिच्यात धक्के गिळायला स्प्रिंगा असतात. आमच्या स्प्रिंगा धक्के गिळायचे सोडून वाढवत होत्या! आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन संथ फिरतं त्याच्या मानाने त्या फार कडक होत्या. गिअरबॉक्स बिचारा उगाच बोलणी खात होता. (तो उघडायचा हट्ट माझाही होता, हे कबूल.)

मऊ स्प्रिंगांची प्लेट बसवली, खडखड गेली. पण आता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून परत दिला की "ठक्" होतं. म्हणजे पुढचा महिनाही असाच जाणार.

बाबा, कानाचं यंत्र कपाटात पडून असतं असं आई सांगत होती. लावत जा. आले की तो "ठक्" तुम्हाला तोंडाने करून दाखवायचाय.

तुमची लेक