पत्रकात शाल-श्रीफळ कमी, खिडकी नंबर जास्त

बेळगाव

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या कॉलेजच्या मासिक पत्रकाचा नमुना बघितला. छपाई देखणी झालीय. पण पहिल्या पानावर चार सत्कार आणि एक वाढदिवस आहे आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीवर आता कोण बसतंय ते शोधूनही सापडत नाही. निपाणीला तुमच्याकडं कोगनोळी, सौंदलगा, अकोळ, भोज असल्या गावांतनं पोरं बसनं येतात. एका सहीसाठी तीनदा खिडकीवर यावं लागलं की तीन तासिका जातात आणि वर्षअखेरीस ७५ टक्के हजेरीचा हिशेब त्याच पोराच्या अंगावर येतो. म्हणून सांगते, विद्यार्थी कल्याण विभागातली माणसं बदलणं ही पोरांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी बातमी. ती पहिल्या पानावर, वरच्या बाजूला आली पाहिजे. हारतुरे मागच्या पानावर जाऊ देत, काही बिघडत नाही.

कर्मचाऱ्याची बातमी लिहिताना कोण आलं, कुणाच्या जागी, कुठल्या खिडकीवर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, एवढं हवंच. साधारण असं लिही: “खिडकी ३, शिष्यवृत्ती. १ तारखेपासून नवीन लिपिक. एसएसपी (राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल) आणि एनएसपी (केंद्राचं) यांचं काम सकाळी १०.३० ते १. दुपारी २.३० नंतर फक्त ई-अटेस्टेशन (कागदांची ऑनलाईन पडताळणी). आधीच्या बाईंकडं दिलेली कागदपत्रं याच खिडकीवर मिळतील.” शेवटचं वाक्य हमखास राहून जातं, आणि पोरं नेमकी तेच विचारत कॉलेजभर हिंडतात. निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी असते, तेव्हा ती बातमी त्या महिन्याच्या अंकात घालून उपयोग नाही, आधीच्या अंकात घाल. म्हणजे ज्यांचे अर्ज अर्ध्यावर आहेत ती पोरं जाणारा माणूस खुर्चीत असतानाच येऊन पुरे करून घेतात. बाळंतपणाची रजा १८० दिवसांची, म्हणजे अख्खं सेमिस्टर. ती बातमी “अभिनंदन” म्हणून देऊन थांबू नको, बदली कोण ते लिही. गेस्ट लेक्चरर मंडळींकडं एनएसएस किंवा प्लेसमेंट दिलेलं असेल तर त्यांची मुदत संपते त्या महिन्यात परत एकदा बघ, कारण जूनमध्ये तेच परत येतील असं कुणी सांगू शकत नाही.

आता पत्रकात न छापायचा, पण पत्रकापेक्षा महत्त्वाचा कागद. माणूस बदलला की चार्ज यादी करून घे. खुर्ची, कपाट, किल्ली, गोल शिक्का, टी.सी. पुस्तकाचा चालू नंबर हे सगळे लिहितात. लॉगिन मात्र कुणी लिहीत नाही. एसएसपीचं ई-अटेस्टेशन अधिकाऱ्याचं लॉगिन, एनएसपीचं संस्थेचं लॉगिन, विद्यापीठाच्या प्रवेश-परीक्षेच्या पोर्टलचं, म्हणजे यूयूसीएमएसचं लॉगिन, यातलं प्रत्येक कुणाच्या नावावर आहे आणि ओटीपी कुठल्या मोबाईलवर जातो, हे वेगळ्या रकान्यात लिही. ओटीपी बदली होऊन गेलेल्या माणसाच्या फोनवर जात राहिला तर ऐन शेवटच्या तारखेला तो फोन लागत नाही, लागला तर ते क्लासवर असतात. एनएसपीला तर नोडल अधिकारी आणि संस्थाप्रमुख दोघांचीही आधारवर बायोमेट्रिक ओळख पटवून नोंद झालेली असते. माणूस बदलला की नव्यानं सगळं करावं लागतं आणि वरच्या कचेरीतनं मंजुरी यायला दिवस जातात. म्हणून बदलीची ऑर्डर हातात पडली की त्याच आठवड्यात हे काम काढ. ओटीपीसाठी कॉलेजच्या नावावर एक सिम घ्यायला लाव आणि त्याचं रिचार्ज कुणी करायचं ते यादीत लिहून ठेव. तीन महिने न वापरता पडलं तर नंबर बंद होतो, मग परत तीच पायपीट.

शिष्यवृत्तीचा मजकूर देताना नुसतं “अर्ज भरावेत” लिहू नको. कुठं अडतं ते लिही.

पहिली अडचण नावाची. आपल्याकडं दहावीच्या मार्कलिस्टवर नाव आधी, मग वडिलांचं एक अक्षर, मग आडनाव. आधारवर कधी आडनाव आधी आणि बापाचं नाव पूर्ण. जातीच्या दाखल्यावर कन्नडमधनं इंग्रजीत आलेलं तिसरंच स्पेलिंग, चौगुलेचे तर तीन प्रकार होतात. पोर्टलवर मेळ बसत नाही आणि पोरगं सांगतं “साईट चालत नाही”. साईट चालते. आधार दुरुस्त करायचं की दाखला, हे आधी ठरव. दहावीची मार्कलिस्ट हा पाया धर आणि बाकीचं तिच्याशी जुळवून घ्यायला सांग, कारण मार्कलिस्ट बदलणं सगळ्यात अवघड.

दुसरी अडचण दाखल्याच्या मुदतीची. आपल्या मराठा पोरांचा ३-ब या मागास गटाचा दाखला जात आणि उत्पन्न एकत्र असा येतो आणि त्याची मुदत ५ वर्षं. नववी-दहावीत काढलेला दाखला पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी संपतो, आणि संपलाय हे घरी कुणाला माहीत नसतं, कारण कागद फाईलमध्ये छान लॅमिनेट करून ठेवलेला असतो. एसएसपीत दाखल्यावरचा आर.डी. नंबर घातला की नाकारतं तेव्हा कळतं. म्हणून जूनच्या अंकात ठळक छाप: दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या सगळ्यांनी दाखल्यावरची तारीख बघा, संपत आली असेल तर आत्ताच नाडकचेरीत (महसूल कचेरीत) किंवा ग्राम वन केंद्रात अर्जी द्या. तीन आठवडे हाताशी धरायला सांग. त्याहून आधी मिळाला तर चांगलंच.

तिसरी, बँकेची. पैसे आधारवरनं जातात. पासबुकाची झेरॉक्स जोडली म्हणजे त्याच खात्यात येतील असं नाही. एनपीसीआयला, म्हणजे बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडं, शेवटी जे खातं आधारशी जोडलं गेलं त्यात जातात, मग ते गावच्या सोसायटीजवळच्या बँकेतलं जुनं खातं का असेना. “पैसे आले नाहीत” म्हणणाऱ्याला आधी डीबीटी कर्नाटक ॲपमध्ये बघायला लाव. निम्म्या वेळा पैसे आलेले असतात, दुसऱ्या खात्यात.

रयत विद्यानिधीचं वेगळं सांग. शेतकऱ्याच्या पोरांसाठीची ही शिष्यवृत्ती २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला मुलांना ५,००० आणि मुलींना ५,५०० रुपये होते. तिथं बापाचा फ्रूट्स पोर्टलवरचा शेतकरी नोंदणी नंबर, एफआयडी, लागतो. जमीन अजून आजोबाच्या नावावर असेल तर तिथंच घोडं पेंड खातं. निपाणीत आणखी एक गोष्ट कुणी छापत नाही. आई बिडी कामगार असेल तर केंद्राच्या श्रम खात्याची शिष्यवृत्ती एनएसपीवरच असते, वर्गाप्रमाणं १,००० पासून २५,००० रुपयांपर्यंत. आईचं ओळखपत्र लागतं. तंबाखूच्या गावात हे पहिल्या पानावर पाहिजे, दरवर्षी.

सीमेपलीकडनं येणाऱ्या पोरांसाठी एक चौकट कायमची ठेव. कागल, गडहिंग्लजकडची पोरं तुमच्याकडं असणारच. त्यांची बारावी महाराष्ट्र बोर्डाची, म्हणून विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. प्रवेश झाला म्हणजे ते झालं असं समजून बसतात आणि परीक्षेच्या फॉर्मला अडकतात. मागासवर्गीय पोरांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मूळ राज्यानं द्यायची असते, तेव्हा त्यांना एसएसपीच्या रांगेत उभं करू नको, महाराष्ट्राच्या महाडीबीटी पोर्टलवर बघायला सांग आणि बोनाफाईड त्याच दिवशी दे. बायकांच्या मोफत बस प्रवासाची शक्ती योजना जून २०२३ पासून आहे, पण ती कर्नाटकात राहणाऱ्या बायकांसाठी आणि राज्यातल्या साध्या बसला. आंतरराज्य बसला नाही. कोल्हापूरच्या गाडीत बसून कंडक्टरशी हुज्जत घालण्यापेक्षा पोरींना आधीच माहीत असलेलं बरं. मुलग्यांना पास काढायचाच असतो, राज्याच्या सेवा सिंधू पोर्टलवर. पासावर गावाचं नाव थांब्याप्रमाणं घालायला सांग. फॉर्मवर एक आणि आधारवर दुसरं असलं की केंद्रावरचा माणूस परत पाठवतो. उलट्या दिशेचंही लिही: आपल्या भागातली मराठी पोरं महाराष्ट्रात सीईटीतनं जाणार असतील तर सीमाभागाच्या उमेदवारीचा वेगळा प्रकार आहे आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला शाळा-कॉलेजकडनं लागतो. तो मागायला पोरं मे-जूनमध्ये येतात, कॉलेज सुट्टीवर असताना. खिडकी कुठल्या दिवशी उघडी ते एप्रिलच्याच अंकात दे.

माजी विद्यार्थ्यांसाठी दोन ओळी पुरे. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. त्याच्या आधी धारवाडच्या विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांनी दुय्यम मार्कलिस्टसाठी धारवाडला जायचं. भूतरामहट्टीला, म्हणजे चन्नम्मा विद्यापीठात, जाऊन परत आलेली माणसं तुमच्या खिडकीवर राग काढतात.

कार्यक्रमांच्या बातम्यांत झालेल्यापेक्षा होणाऱ्याला जागा जास्त दे. रक्तदान शिबिर असेल तर आधीच छाप: वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. सकाळी खाऊन या. पीयूसीची (अकरावी-बारावीची) पोरं उत्साहानं रांगेत उभी राहतात आणि वयावरनं परत जातात, पोरी हिमोग्लोबिनवरनं. परत गेलेल्या पोरींची यादी डॉक्टरांकडं मागून त्यांना पुढं दवाखान्यात पाठवणं, हे शिबिराच्या फोटोपेक्षा कामाचं आहे, पण ते पत्रकात छापायचं नाही. एनएसएसचे तास लिही: वर्षाला १२०, दोन वर्षांत २४०, आणि ७ दिवसांचं शिबिर. शिबिराचं गाव ठरवताना सोयाबीनची सुगी आणि ऊसतोड बघून तारीख घ्या, नाहीतर गावात माणूस नसतो आणि आपली पोरंही अर्धी रानात. गॅदरिंग असो, गणपती असो, कार्यक्रम शेवटच्या बसच्या आधी दीड तास संपला पाहिजे. पत्रकात संपण्याची वेळही छाप, म्हणजे पाहुण्यांचं भाषण आपोआप आवरतं.

१ नोव्हेंबरचा अंक जपून काढ, त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस दोन्ही असतात. कॉलेजचा कार्यक्रम किती वाजता, ऑफिस उघडं आहे की नाही, एवढंच. मतं नकोत, विशेषणंही नकोत.

भाषा दोन्ही ठेव, वर कन्नड, खाली मराठी, आणि पोर्टलची नावं स्क्रीनवर दिसतात तशी. चूक होते ती अशी: मराठीतली तारीख दुरुस्त होते आणि कन्नडमधली जुनीच राहते. छापायच्या आधी एकानं तारखा आणि आकडे मोठ्यानं वाचावेत, दुसऱ्यानं दुसऱ्या भाषेत बोट ठेवून बघावेत. मजकूर युनिकोडमध्येच टाईप करायला सांग. ऑफिसात जुन्या सवयीनं कन्नड मजकूर नुडीच्या जुन्या फाँटमध्ये करतात, मग तीच फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसत्या रेघोट्या. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठव आणि खाली मुख्य तारीख साध्या मजकुरात परत लिही, कारण पीडीएफ उघडणारी पोरं थोडी. कागद मात्र लावच: ग्रंथालय, लेडीज रूम, कँटीन आणि गेटच्या आतल्या बाजूला. ए-४ पाठपोट एक पान, जास्त नको.

काय छापायचं नाही ते पक्कं लक्षात ठेव. मंजूर झालेल्यांची यादी नाव, जात, आधार, मोबाईल नंबरासकट बोर्डावर लावतात, ते बंद कर. रजिस्टर नंबर पुरे. ज्यांचे अर्ज फेटाळले त्यांची यादी तर लावूच नको, एकेकाला निरोप दे. समुपदेशक बाईंची वेळ आणि खोली छाप, पण “समस्याग्रस्त विद्यार्थ्यांसाठी” असलं काही लिहू नको, तसल्या दारात कुणी जात नाही. मानसिक आधाराच्या टेली-मानस हेल्पलाईनचा १४४१६ आणि रॅगिंगविरोधी हेल्पलाईनचा १८००-१८०-५५२२ दर अंकात तळाला, ठळक. रॅगिंग न करण्याचं ऑनलाईन हमीपत्र दरवर्षी भरायचं असतं, एकदा प्रवेशावेळी भरून चालत नाही. हे जुलैच्या अंकात. तक्रार निवारण समितीतला माणूस बदलला तर तेही कर्मचारी बातमीतच घाल. जुन्या सदस्याच्या हातात दिलेला अर्ज खिशातच राहतो.

आणि कॉलेजांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅकसाठी म्हणून वेगळी फाईल करत बसू नका. विद्यार्थ्यांच्या सोयी हा त्यांच्या तपासणीचा भागच आहे. दर महिन्याचं पत्रक, त्याच्या मागं हजेरीपत्रक, तारखेसकट दोन फोटो आणि लाभार्थ्यांचा आकडा एकाच बॉक्सफाईलमध्ये टाकत जा, वर्षअखेरीस रात्री जागवायला नकोत.

निरोप समारंभाची वर्गणी विचारलीस. नावापुढं रक्कम छापायची नाही, वहीत ठेवायची. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना बोलाव, रोजंदारीवरच्या झाडूवाल्या मावशींनाही. माणशी ५० ग्रॅम धरलं तर चाळीस जणांना दोन किलो कुंदा पुरतो, वर अर्धा किलो जास्त घे.

पुढच्या अंकाचा कच्चा मजकूर २५ तारखेच्या आत पाठव, कन्नड बाजू सकट. खिडकीच्या वेळा शिपायाला विचारून भर, ऑफिसच्या बोर्डावरच्या वेळा जुन्या असतील.

तुझी,
आई