हनोई टॅक्सीतल्या काकांना

आदरणीय काका,

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून काकाच म्हणतो. गेल्या रविवारी अमेरिकेतल्या डेटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात, ‘हनोई टॅक्सी’ नावाच्या सी-१४१ मालवाहू विमानाच्या पोटात तुम्ही भेटलात. सोबत माझे बाबा होते.

बाबांना पक्षाघात होऊन वर्ष झालं. कळतं सगळं, शब्द मात्र उशिरा येतात. तेवढा वेळ कुणाला नसतो. आधी एका ठिकाणी तिथल्या माणसानं त्यांच्या देखत मला विचारलं, ‘यांना समजतंय ना?’ त्या रात्री बाबा जेवले नाहीत. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही अमेरिकी हवाई दलाच्या ४४५व्या एअरलिफ्ट विंगबद्दल, म्हणजे माणसं नि सामान वाहणाऱ्या तुकडीबद्दल, भरभरून सांगत होतात. राखीव दलाची माणसं. एरवी आपापली नोकरी करणारी, महिन्यातून एक शनिवार-रविवार गणवेश चढवणारी. १२ फेब्रुवारी १९७३ ला व्हिएतनाममधल्या हनोईहून सुटलेल्या अमेरिकी युद्धकैद्यांना घेऊन निघालेलं हे विमान पुढे त्यांच्याकडे आलं. त्यांनी ते नुसतं जपलं नाही, राबवलंही. २००४ मध्ये मेजर जनरल एडवर्ड मेकेनबिअर तेच विमान घेऊन पुन्हा व्हिएतनामला गेले, आपल्या दोन सैनिकांचे अवशेष आणायला. तिथेच जवळजवळ सहा वर्षं कैदेत काढलेला माणूस! मला ऐकतानाच भरून आलं. २००५ ला कतरिना वादळातली माणसं यातूनच हलवली, आणि ६ मे २००६ ला ते इथे शेवटचं उतरलं.

बाबांनी विमानाच्या जमिनीवरच्या, सामान सरकवायच्या रोलरकडे बोट दाखवलं. ‘आम्हीपण...’ म्हणाले आणि अडकले.

ते भारतीय हवाई दलात, चंदीगडला एएन-१२ या मालवाहू विमानावर होते. नेहमीसारखं त्यांचं वाक्य पुरं करायला मी तोंड उघडलं, तर माझ्याकडे न बघताच तुम्ही तळहात वर केलात. थांब, म्हणून. नजर बाबांवरच. मागे रांग खोळंबली होती, तरी तुम्ही हलला नाहीत. आम्ही घरचे असून वर्षभरात हे एकदाही केलं नव्हतं.

‘लेह,’ बाबा म्हणाले. मग ‘रेशन’. मग ‘केरोसीन’. तुम्ही विचारलंत, तिथे उतरायचं कसं? त्यांनी थरथरता हात तिरका धरून दाखवलं.

काका, तुमचे फार फार आभार.

परतताना गाडीत बाबांनी मला लेहच्या धावपट्टीचा चढ समजावून सांगितला, तिथे एकाच बाजूनं का उतरतात तेही. वीस मिनिटं लागली. मी मध्ये बोललो नाही.